गरम झाली की बंद : १९९१ च्या एका एमएक्स-५ चं प्रकरण

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १९९१ ची. चार सिलिंडरचं १५९७ सीसीचं इंजिन, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना, बटण दाबलं की वर येणारे हेडलाइट आणि कापडी हूड. मालक माझा मित्र. गाडीचं बरंचसं काम तो घरीच करतो आणि नीट करतो. तक्रार अशी होती : थंड इंजिनावर गाडी झकास चालते. पूर्ण तापल्यावर, त्यातही सावकाश सरकणाऱ्या गर्दीत किंवा लांब चढ चढून आल्यावर, इंजिन चालता चालता बंद पडतं. स्टार्टर जोमात फिरतो, पण इंजिन धरत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्याच फिरकीत सुरू होतं आणि घरापर्यंत निमूट येतं.

माझ्यापर्यंत प्रकरण आलं तेव्हा बरेच भाग बदलून झाले होते. टाकीतला फ्युएल पंप, फ्युएल फिल्टर, स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, मेन रिले (विजेवर चालणारा मुख्य स्विच). प्रत्येक बदलानंतर गाडी काही दिवस बरी चालायची आणि मग पुन्हा तेच. अशा येत्या-जात्या दोषात सगळ्यात फसवी गोष्ट हीच. दोष मुळात कधीतरीच दिसणारा, त्यात दुरुस्तीच्या निमित्ताने गाडी तासन् तास उभी राहून गार झालेली. मग काहीही बदला, ती काही दिवस चालणारच. ‘बदलल्यावर बरी झाली’ हा पुरावा इथे जवळजवळ बिनकामाचा असतो. त्याची किंमत तेव्हाच, जेव्हा दोष हुकमी आणता येतो आणि बदलानंतर तो हुकमी येईनासा होतो.

त्यामुळे मी एकच अट घातली. गाडी बंद पडण्याच्या क्षणी नेमकं काय हरवतं, ठिणगी की पेट्रोल, हे कळेपर्यंत एकही भाग विकत घ्यायचा नाही.

पंपावरचा आळ

पंप बदलायचं कारण ऐकण्यासारखं होतं. गाडी एकदा बंद पडली असताना एका गॅरेजवाल्याने टाकीशी कान लावला आणि चावी ‘ऑन’ करून ऐकलं. पंपाचा आवाज नाही. निष्कर्ष : पंप मेला.

आता या १.६ इंजिनाची एक खासियत बघा. हवा मोजायला त्यात झडपेचा एअर फ्लो मीटर आहे. आत येणारी हवा एक पातळ झडप ढकलते आणि झडप किती उघडली यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, हवेचं माप मिळतं. त्याच मीटरमध्ये एक छोटा स्विच असतो. झडप थोडी जरी उघडली तरी तो जुळतो आणि पंपाच्या रिलेला वीज मिळते. हवा थांबली की झडप मिटते आणि पंप बंद होतो. ही सुरक्षेची सोय आहे : अपघातात इंजिन थांबलं तर पंप पेट्रोल ओतत राहू नये. याचा अर्थ, इंजिन फिरत नसताना नुसती चावी ‘ऑन’ केली तर पंप गप्पच असणार. गॅरेजवाल्याने जे ऐकलं, म्हणजे जे ऐकलं नाही, ते धडधाकट गाडीतही तसंच असतं. आजच्या बहुतेक गाड्यांत चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. ज्याचा हात त्या गाड्यांवर बसला आहे त्याची इथे हमखास फसगत होते. १९९४ पासूनच्या १.८ इंजिनात हवा मोजायची पद्धतच बदलली, त्यामुळे त्या गाडीबद्दलचं ज्ञानही इथे जसंच्या तसं चालत नाही.

पंप तपासायची खरी रीत सोपी आहे. इंजिनाच्या बाजूला झाकणाची एक छोटी काळी डबी असते, तिच्यावर ‘डायग्नोसिस’ असं लिहिलेलं असतं. तिच्यातली एफपी आणि जीएनडी ही दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली आणि चावी ‘ऑन’ केली की इंजिन बंद असतानाही पंप चालतो. आम्ही तो चालवून पाहिला, चालला. जुना पंप मित्राने टाकला नव्हता. बॅटरीला थेट लावल्यावर तोही फिरला. ही तार तपासणीपुरतीच ठेवायची. ती विसरून रस्त्यावर गेलात, तर वर सांगितलेली सुरक्षा तुम्ही स्वतःच्या हाताने काढलेली असते.

काट्याने दिलेली पहिली खूण

मित्राला मी एक काम दिलं. पुढच्या वेळी बंद पडली की घाईने क्लच दाबू नकोस. मागे कोणी नाही हे बघ, गाडी गिअरमध्येच राहू दे, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेव आणि आरपीएमच्या काट्याकडे एक नजर टाक.

या गाडीत आरपीएमच्या काट्याला संकेत मिळतो तो इग्नायटरकडून. इग्नायटर म्हणजे ईसीयूच्या हुकमावरून कॉइलचा (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाचा) प्रवाह तोडणारा भाग. गाडी गिअरमध्ये लोळत असेल तर चाकं इंजिनाला फिरवत असतात. अशा वेळी पेट्रोल संपल्यामुळे इंजिन मेलं असेल, तर ठिणगी चालूच असते आणि काटा खरे आरपीएम दाखवत राहतो. ठिणगीचा हुकूमच थांबला असेल, तर इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर आपटतो. शिवाय पेट्रोल कमी पडणारं इंजिन सहसा आधी खोकतं, धक्के देतं, दम सोडत जातं. ठिणगी गेली तर चावी काढल्यासारखं सगळं एका क्षणात संपतं.

निरोप आला : काटा शून्यावर, इंजिन फिरत असतानाच, कसलाही खोकला नाही.

एवढ्याने पंप, फिल्टर, पेट्रोलचा दाब, तापलेल्या पाइपात होणारी वाफ हे सगळे संशयित जवळजवळ सुटले. प्लग आणि प्लगच्या वायरीही सुटल्या. या इंजिनात दोन कॉइल आहेत. एक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला ठिणगी देते. चारही प्लग, चारही वायरी आणि दोन्ही कॉइल एकाच निमिषात मरून पुन्हा एकदमच जिवंत होणं शक्यतेच्या बाहेरचं. एक कॉइल गेली असती तर इंजिन दोन सिलिंडरवर फडफडत का होईना चाललं असतं.

उरले चार जण

आता साखळी मागून पुढे लावून बघू. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, केबिनच्या भिंतीच्या बाजूला, कॅम अँगल सेन्सर बसवलेला आहे. कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) त्याला फिरवतो आणि तो ईसीयूला दोन संकेत पाठवतो. एकावरून इंजिनाचे आरपीएम आणि क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) स्थिती कळते, याला माझदाच्या भाषेत एनई म्हणतात. दुसरा, जी नावाचा, सिलिंडर ओळखायला. ईसीयू यावरून दोन कामं करतो : इग्नायटरला ठिणगीचा हुकूम आणि इंजेक्टरना पेट्रोल सोडायचा हुकूम. ईसीयू आणि इंजेक्टर यांना वीज येते मेन रिलेतून.

या रचनेतच उत्तर शोधायची युक्ती आहे. इग्नायटर मेला असेल तर ठिणगी जाईल, पण इंजेक्टर टकटक करत राहतील, कारण ईसीयूला इंजिन फिरतंय हे ठाऊक आहे. सेन्सरचा संकेत हरवला असेल तर ठिणगी आणि इंजेक्टर दोन्ही एकदम थांबतील. मेन रिलेने दगा दिला असेल तर तेही थांबतील, पण त्या वेळी रिलेच्या पुढची वीजच गेलेली दिसेल. आणि चौथा ईसीयू स्वतः. त्याच्यावर संशय घ्यायचा तो बाकी तिघे निर्दोष ठरल्यावरच, कारण तो तपासायला अवघड, बदलायला महाग आणि लोक समजतात त्यापेक्षा कितीतरी कमी वेळा दोषी असतो.

म्हणून तीन एलईडी घेतले, प्रत्येकाबरोबर योग्य रेझिस्टर आणि एक अँपिअरचा फ्यूज. पहिला मेन रिलेच्या पुढच्या विजेवर. दुसरा फ्युएल पंपाच्या विजेवर. तिसरा बारा व्होल्ट आणि इंजेक्टरची ईसीयूकडे जाणारी तार यांच्यामध्ये, म्हणजे इंजेक्टर उघडेल तेव्हा तो लुकलुकेल. इथे साधा तारेचा बल्ब लावू नये. तो जास्त प्रवाह खेचतो आणि ईसीयूच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर विनाकारण भार टाकतो. तारा केबिनच्या भिंतीतल्या रबरी बुशातून आत घेतल्या, एक्झॉस्ट आणि पंख्यापासून लांब बांधल्या आणि तिन्ही दिवे एका पुठ्ठ्यावर ओळीत लावून स्टिअरिंगच्या मागे, आरपीएमच्या घड्याळाशेजारी चिकटवले. गाडी चालवणाऱ्याने दिव्यांकडे बघायचंच नाही. शेजारी बसलेल्याने फोनचा कॅमेरा घड्याळ आणि दिवे एकाच चौकटीत येतील असा धरायचा. कोणता दिवा आधी गेला हे डोळ्याला कळत नाही, व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला की कळतं.

एक बारकावा सांगायला हवा, नाहीतर हा प्रयोग उलटा वाचला जाईल. उतारावर किंवा गिअरमध्ये पाय काढून गाडी लोळवली की ईसीयू मुद्दाम इंजेक्टर बंद करतो, पेट्रोल वाचवायला. त्या वेळी इंजेक्टरचा दिवा विझतो आणि तो दोष नसतो. फरक दोन गोष्टींवरून कळतो. तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, आणि काटा खरे आरपीएम दाखवत असतो. म्हणूनच मित्राला पाय तसाच ठेवायला सांगितलं होतं.

पकडली

ऊन चढल्यावर, कमी वर्दळीचा रस्ता बघून, आम्ही गाडी मुद्दाम रखडवत चालवली. बऱ्याच वेळाने, एका छोट्या खड्ड्यातून बाहेर पडताना, ती गेली.

व्हिडिओत क्रम स्वच्छ होता. काटा शून्यावर आणि इंजेक्टरचा दिवा विझलेला, दोन्ही एकाच चौकटीत. मेन रिलेचा दिवा अखंड तेवता. आणि पंपाचा दिवा? तोही चालू. चाकं इंजिनाला फिरवत होती, हवा आत ओढली जात होती, झडप उघडी होती. मित्राने कडेला घेण्यासाठी क्लच दाबला, इंजिन थांबलं आणि तेव्हा कुठे पंपाचा दिवा गेला. पंप बंद पडणं हा इंजिन मेल्याचा परिणाम होता, हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

मेन रिले सुटला, इग्नायटर सुटला. उरला सेन्सर, त्याच्या तारा, आणि अगदी शेवटी ईसीयू.

गाडी सुरक्षित जागी लावली, धोक्याचे दिवे लावले आणि बॉनेट उघडण्याआधी कोड वाचला. ही १९९६ नंतरच्या गाड्यांसारखी स्कॅनर लावायची गाडी नाही. त्याच काळ्या डबीत टीईएन आणि जीएनडी ही टोकं जोडायची, चावी ‘ऑन’ करायची आणि डॅशवरचा चेक इंजिनचा दिवा कसा लुकलुकतो ते मोजायचं. लांब उघडझाप दहाची, छोटी एकाची. काही देशांत विकलेल्या गाड्यांना डॅशवर तो दिवा दिलेलाच नाही, तिथे डबीतल्या एफईएन आणि बी-प्लस या टोकांमध्ये एलईडी लावून मोजता येतं. आमच्या दिव्याने दोन छोट्या उघडझापा दिल्या : ०२, एनई संकेत नाही. याआधी हा कोड कुणालाच दिसला नव्हता, कारण प्रत्येक दुरुस्तीआधी बॅटरीची तार काढली जात होती आणि त्यासरशी साठवलेले कोड पुसले जात होते. बॅटरी काढणं ही चांगली सवय आहे, पण कोड वाचून झाल्यावर.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि नवा कॅम अँगल सेन्सर मागवतात. कोड सेन्सरचा, दोष तापल्यावरचा, आणि तापल्यावर निकामी होणारे सेन्सर असतात हेही खरं. पण कोड सुटा भाग सांगत नाही, हरवलेला संकेत सांगतो. तो संकेत सेन्सरपासून ईसीयूपर्यंत कुठेही हरवू शकतो. आणि खड्डा माझ्या मनात राहिला होता. तापून बिघडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला खड्ड्याशी काय देणंघेणं?

पंचवीस मिनिटांचा सदुपयोग

येत्या-जात्या दोषात सगळ्यात मोलाचा वेळ म्हणजे दोष हजर असतो तो. गाडी गार होईपर्यंत आम्हाला जेवढी मिनिटं मिळणार होती तेवढीच. एरवी माणसं ती बॉनेटला टेकून घालवतात.

सेन्सरचा प्लग काढला. त्यात चार तारा : बारा व्होल्ट, अर्थिंग (अर्थ) आणि दोन संकेत. सेन्सर सुटा केल्यावर, चावी ‘ऑन’ असताना, संकेताच्या दोन्ही तारांवर ईसीयूकडून आलेले साधारण पाच व्होल्ट दिसायला हवेत. सेन्सर स्वतः व्होल्टेज बनवून पाठवत नाही. ईसीयूने दिलेले पाच व्होल्ट तो ठरावीक वेळी अर्थला ओढून शून्य करतो, आणि या चढउतारातून ईसीयू मोजतो. या तपासणीतली सोय अशी की सेन्सर बाजूला काढलेला असल्यामुळे त्याचा बरेवाईटपणा मोजमापात येतच नाही.

बारा व्होल्ट होते. अर्थ ठीक होता. जीच्या तारेवर पाच व्होल्ट होते. एनईच्या तारेवर शून्य.

प्लगपासून वीतभर अंतरावर या तारांची जुडी वळून खाली जाते. तिथे दोन बोटांनी हलकेच वाकवलं आणि मीटरवर पाच उमटले. सोडलं, शून्य. पुन्हा वाकवलं, पाच. सेन्सर हातात, प्लग हवेत, आणि दोष येतोय-जातोय. सेन्सरची सुटका तिथेच झाली.

घरी आल्यावर दोन गोष्टी पक्क्या केल्या. इंजिन थंड असताना त्याच तारेचा रोध मोजला तेव्हा आकडा अगदी निरोगी आला. म्हणजे थंड गाडीवर मीटर लावून बसलेल्या कुणालाही तार चांगलीच वाटली असती. मग हेअर ड्रायरने तो वळणाचा भाग तापवला, तार किंचित ताणलेली ठेवली, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज पाहिलं. ईसीयूच्या कनेक्टरवर पाच व्होल्ट ठाम, सेन्सरच्या प्लगवर शून्य. ईसीयूही सुटला. उलट बाजूची खात्री म्हणून इंजिन चालू ठेवून सेन्सरचं अंग ड्रायरने हात लावता येणार नाही इतकं तापवलं, तारेला धक्का न लावता. इंजिन एकसारखं चालत राहिलं. इथे पेंट उकरायची हीट गन वापरू नये. प्लास्टिकचे प्लग आणि जुनी आवरणं तिच्यासमोर टिकत नाहीत, आणि मग मूळ दोष कोणता आणि आपण केलेला कोणता हेच कळेनासं होतं.

तार तुटली कशी

तारेचं आवरण बाहेरून शाबूत होतं. ब्लेडने उभं चिरलं तेव्हा आत तांब्याच्या तारा काळपट आणि एका जागी सगळ्या तुटलेल्या दिसल्या. थंडीत आवरण आवळलेलं, टोकं एकमेकांना भिडलेली, संकेत जातोय. तापल्यावर आवरण मऊ पडतं, ताणाने किंचित लांबतं, टोकं सुटतात. खड्ड्यातून जाताना इंजिन आपल्या रबरी माउंटवर डुलतं आणि तोच ताण वाढतो. चढ चढल्यावरची उष्णता, गर्दीतली वारा न लागणारी अवस्था आणि तो खड्डा, या तिन्ही गोष्टी एका धाग्यात बसल्या.

ताण कुठून आला तेही दिसलं. ही जुडी धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. मागच्या मालकाच्या काळात एका गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद कागदांत आहे. त्या कामाला कॅमचं झाकण काढावं लागतं आणि मागच्या बाजूच्या तारा बाजूला साराव्या लागतात. झाकण परत बसलं, क्लिप बसली नाही. तेव्हापासून जुडीचं सगळं वजन आणि इंजिनाची प्रत्येक हालचाल प्लगजवळच्या त्या एका वळणावर येत राहिली.

त्यात तेलाची भर. कॅम अँगल सेन्सरच्या खाचेत एक ओ-रिंग (रबरी कडी) असते. वर्षांनुवर्षं तापून ती कडक होते आणि हेडच्या मागून इंजिन ऑइल पाझरायला लागतं. या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, पण जागा अशी अडचणीची की वरून बघितलं तर दिसत नाही. आरसा आणि टॉर्च लागतात. तेल जुडीवर पसरलेलं होतं, आणि त्याच्या खालून जाणाऱ्या हीटरच्या रबरी होजवरही. तेल प्यालेलं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि एक दिवस कूलंट सांडतं. गाडी बंद पडण्याच्या तक्रारीशी होजचा काही संबंध नव्हता, पण दोष शोधताना ती दिसली नसती तर पुढचं बंद पडणं जास्त महागात गेलं असतं.

दुरुस्ती

काम तसं थोडकं होतं. बॅटरी सोडवली. या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि तिला बाहेर वायू सोडणारी नळी असते, ती परत जोडायला विसरायचं नाही. एनईच्या तारेचा खराब तुकडा दोन्ही बाजूंनी, जिथे तांबं चकचकीत लागलं तिथपर्यंत कापला आणि त्याच जाडीचा नवा तुकडा घातला. सांधा झाळण्यापेक्षा मी चांगल्या प्लायरने दाबून केलेला क्रिंप पसंत करतो, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. झाळलेला सांधा वाईट नसतो, पण झाळ तारेत वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथे हलत्या इंजिनावर तार पुन्हा मोडू शकते. इथे तर तार मोडूनच प्रकरण झालं होतं. उरलेल्या तीन ताराही त्याच वळणावर तेवढ्याच जुन्या होत्या, म्हणून त्यांचे तुकडेही बदलले, सांधे एकमेकांसमोर न आणता मागेपुढे. नंतर नवी क्लिप लावली आणि प्लगजवळ तारेला सैल वळसा ठेवला.

ओ-रिंगसाठी सेन्सर काढावा लागतो. तो एका बोल्टने धरलेला असतो आणि फिरवला की इग्निशन टायमिंग बदलतं, म्हणून काढण्याआधी सेन्सर आणि हेड या दोन्हींवर जाणारी एक बारीक रेघ ओढली. बसवल्यावर रेघ जुळवली, तरीही टायमिंग लाइटने तपासणं टाळलं नाही. इंजिन पूर्ण गरम, दिवे-पंखा-एसी बंद, डबीतली टीईएन आणि जीएनडी टोकं जोडलेली. ही जोडणी केल्यावर ईसीयू स्वतःची ढवळाढवळ थांबवतो आणि मूळ टायमिंग दिसतं. ८५० आरपीएमच्या आसपास खूण टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या स्थितीच्या) १० अंश आधी यायला हवी. ती साधारण १२ वर होती, सेन्सर किंचित फिरवून १० वर आणली आणि बोल्ट आवळला. टीईएन-जीएनडी न जोडता टायमिंग बघितलं, तर ईसीयूने हलवलेला आकडा दिसतो आणि माणूस नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

होज बदलली, कूलंट भरलं, हीटर पूर्ण उघडा ठेवून हवा काढली.

मग पुन्हा तोच छळ. आळशी आरपीएमवर बॉनेट मिटून तापवणं, वळणावर ड्रायर, तारा हलवणं, उन्हात रखडवणं. तीन दिवे आम्ही लगेच काढले नाहीत. उन्हाळा सरेपर्यंत ते डॅशवरच होते आणि विझायचे तेव्हाच विझले.

आजूबाजूचं थोडं

दिवे लावून फिरताना एक वेगळी गोष्ट लक्षात आली. इंजिन सुस्त चालताना आरपीएम वरखाली डोलत होते. झडपेच्या एअर फ्लो मीटरचा स्वभाव इथे कळतो : मीटरच्या पुढे कुठूनही चोरून आत आलेली हवा मोजली जात नाही आणि मिश्रण पातळ होतं. ऑइल भरायचं झाकण किंवा डिपस्टिक नीट न बसणं एवढ्यानेही या इंजिनाची लय बिघडते. आमच्याकडे मीटर आणि थ्रॉटल यांच्यातल्या रबरी नळीला घड्यांच्या खाचेत चीर होती. आधी वाटलं होतं की हाच दोष वाढून इंजिन बंद पडत असेल. पण पातळ मिश्रण काट्याला शून्यावर पाडत नाही, त्यामुळे तो धागा तेव्हाच सोडला आणि नळी नंतर सवडीने बदलली.

संशयावर बदललेल्या भागांपैकी प्लगच्या वायरींचं वाईट वाटायचं कारण नाही. त्या या इंजिनात झिजणाऱ्याच, जोर दिल्यावर झटके देऊ लागतात. मेन रिलेही वयाचा होता. पंप मात्र जुनाच परत बसवायचा असं ठरलं. नवा जास्त गुरगुरतो.

आणि टायमिंग लाइटने एक चांगली बातमी फुकटात दिली. या गाडीच्या क्रँकच्या पुलीवर चार खाचा आहेत, म्हणजे क्रँकचं पुढचं नाक सुरुवातीच्या गाड्यांतलं, आखूड. त्या क्रँकमध्ये पुढचा बोल्ट सैल राहिला तर पुली जागेवर धरणाऱ्या छोट्या लोखंडी पट्टीची (की) खाच झिजते, पुली लटपटते आणि टायमिंग कधीच स्थिर राहत नाही. ज्या हातांनी क्लिप बसवली नव्हती त्यांनीच तो बोल्टही आवळला होता, त्यामुळे शंका रास्त होती. लाइटखाली खूण एका जागी स्थिर होती आणि इंजिन चालू असताना पुली डुलताना दिसली नाही. टायमिंग बेल्ट साधारण ९६,००० किलोमीटरला बदलायचा असतो आणि कागदांप्रमाणे ते अंतर आता जवळ आलंय. या वेळी काम मित्राच्या घरीच होईल, आणि नवा बोल्ट व टॉर्क रेंच आधी आणून ठेवायचं ठरलंय.